न चाखता

"चाखायचंच नाही, तर देवानं जीभ दिली कशाला? नुसत्या शिव्या द्यायला?"

माझ्या कानापासून वीतभर अंतरावर अकोथ पुटपुटली. आम्ही दोघी एकाच शेगडीवर वाकलो होतो. ती वरण ढवळत होती आणि मी तिच्या चिमटीतल्या मिठाकडे बघत होते. मला स्वाहिली येत नाही असं तिला वाटत होतं, आणि मीही ते तसंच राहू दिलं होतं. समोरच्याला आपली भाषा कळत नाही म्हटलं की माणसं फार मोकळी बोलतात. त्या दिवसांत माझ्याजवळ मोकळं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"शिव्या द्यायला नाही, गप्प बसायला," मी स्वाहिलीत म्हणाले. "आणि मीठ टाक आता. वरण वाट बघतंय."

चिमटीतलं मीठ शेगडीत पडलं आणि तडतडलं. मागच्या बायका इतक्या हसल्या की शेजारच्या शिवणाच्या वर्गातून कुणीतरी दार उघडून बघून गेलं. अकोथ स्वतः सगळ्यांत जास्त हसली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. हसायला लागली की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

"म्वालिमू," ती म्हणाली, "तुम्ही चोरून ऐकता."

म्वालिमू म्हणजे मास्तरीण. आयुष्यात मला कुणी मास्तरीण म्हणेल असं वाटलं नव्हतं. माझं शिक्षण दहावीला गणितात अडकलं ते अडकलंच.

हे किसुमूतलं. केनियाच्या पश्चिमेला, मोठ्या सरोवराच्या काठावरचं शहर. माझा नवरा तिथून दोन तासांवरच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होता. गाळपाच्या हंगामात तो तिकडेच राहायचा. कारखान्यानं सोडलं तर शनिवारी घरी. मी शहरात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर पत्रे आदळायचे आणि मी कुरकुर करायची. संध्याकाळी शटर पडलं की मात्र तेच पत्रे हवेसे वाटायचे. मग मी कुकर लावायची, भूक नसली तरी. शिट्टी झाली की मोठ्यानं म्हणायची, "हो गं, आले."

मूलबाळ नव्हतं. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. अकोथ म्हणजे 'मामा बेरिल', बेरिलची आई. वर्गाच्या पहिल्याच दिवशी बायकांनी मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही मामा कोण? मी म्हटलं, कुणीच नाही. सगळ्यांनी नजरा वळवल्या, जशा आपल्याकडेही वळवल्या असत्या. मग अकोथच म्हणाली, "म्वालिमू म्हणू या. मास्तरणीला पोरं आयतीच मिळतात, बाळंतपण नाही की काही नाही."

त्या एका वाक्यावर मी तिच्यावर जीव टाकला.

वर्ग मिसेस ओगोलांचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गृहविज्ञान शिकवायच्या. बायकांना चार पैसे मिळवता यावेत म्हणून त्यांनी एका जुन्या गोदामात केंद्र काढलं होतं. एका खोलीत शिवण, एकीत केस विणणं, एकीत पाव-केक. त्यांनी एक गोष्ट हेरली होती. शहरातल्या भारतीय घरांत झाडू-भांड्याच्या बाईला जे मिळतं, त्याच्या दुपटीनं स्वयंपाकिणीला मिळतं. जुन्या गुजराती दुकानदारांच्या घरात तिथल्याच बायका पिढ्यान् पिढ्या रोटल्या लाटत होत्या. पण ती कामं मावशीकडून भाचीला जायची, बाहेरच्या बाईला दार उघडत नव्हतं. आता कारखान्यांमुळे नवी घरं आली होती. आमच्यासारखी, मराठी, दहा-बारा. त्यांना पोळी-भाजी करणारी बाई हवी असणारच, असा मिसेस ओगोलांचा हिशोब. बाजारात मी एका भाजीवालीला सुकुमा नावाच्या पालेभाजीत डाळीचं पीठ कसं पेरायचं ते हातवारे करून सांगत होते, तेव्हा त्या मागे उभ्या होत्या. तिथेच त्यांनी मला पकडलं.

मी शिकवणार काय? माझ्या आईनं मला जे शिकवलं तेच. पोळीला तीन पदर कसे घालायचे, फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय जिरं टाकायचं नाही, आणि स्वयंपाक चाखायचा नाही. आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायची पद्धत नव्हती. मीठ तळहातावर घ्यायचं, डोळ्यांनी तोलायचं, वाफेचा वास घ्यायचा. बाकी देवाच्या हवाली.

"तुमचा देव फार भिडस्त आहे का?" अकोथनं विचारलं होतं. "खारट झालं तर बोलत नाही?"

"नाही बोलत. म्हणून तर आधीच नीट घालायचं."

"आमच्यात उलटं आहे, म्वालिमू. माझी आजी परक्या माणसाला काही द्यायची तर त्याच्यासमोर आधी स्वतः एक घोट घ्यायची. म्हणजे त्याला कळतं, यात वाईट काही नाही. जी चाखत नाही, तिच्या मनात काय आहे कुणाला माहीत!"

"आमच्या मनात काही नसतं."

"तुम्ही म्हणता म्हणून मानते," ती म्हणाली आणि मीठ अगदी बरोबर टाकलं.

पूर्वी ती सरोवराच्या काठावर मासे तळून विकायची. मासे तळणारीचं बोट सारखं तोंडात. तिला ते बोट आवरायला महिना लागला. पण एकदा आवरल्यावर ती माझ्याही पुढे गेली. झाकणाखालची वाफ नुसती नाकावरून जाऊ देऊन सांगायची, "हिंग कमी आहे." आणि असायचं कमी.

तिला हे सगळं का शिकायचं होतं ते साऱ्या वर्गाला माहीत होतं. बेरिल सात वर्षांची. ती बोंडोकडच्या गावी आजीजवळ राहायची. अकोथ इथे मन्याट्टा वस्तीत आणखी चार बायकांबरोबर एका खोलीत. मध्ये कापडाचे पडदे. तिथे मुलगी आणणार कशी? पण स्वयंपाकिणीला घरामागची खोली मिळते, कारण तिला पहाटे उठून चहा टाकायचा असतो. झाडू-भांड्यावालीला नाही मिळत. ती सकाळी येते, दुपारी जाते. अकोथला स्वयंपाकीण व्हायचं होतं ते त्या खोलीसाठी. तिच्या बोलण्यात पगार क्वचित यायचा, दार नेहमी यायचं. "आतून कडी लावता येईल असं दार," ती म्हणायची. "मी आत, बेरिल आत, बास."

आणि तशी एक खोली होती. लिमये वहिनींच्या बंगल्यामागे.

लिमयेसाहेब कारखान्याचे जनरल मॅनेजर, म्हणजे माझ्या नवऱ्याचे साहेब. वहिनी आमच्या सगळ्या मराठी घरांच्या मोठ्या जाऊबाई असल्यासारख्या. गोऱ्या, ठसठशीत, प्रेमळ. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे आम्ही जमायचो. माझा आठवडा त्या रविवारावर तरंगायचा. त्यांचा भारतातून आणलेला स्वयंपाकी, सदूकाका, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोकणात गेला तो परत यायचं नाव घेईना. मागची खोली रिकामी पडली. वहिनी एकदा वर्ग बघायला आल्या, बायकांच्या पोळ्या फुगताना बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मिसेस ओगोलांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या वर्गात जी पहिली येईल ती माझी. एका रविवारी येऊन आम्हाला जेवू घाल म्हणावं, सोमवारी सामान घेऊन ये म्हणावं."

सगळ्यांनी हे ऐकलं. अकोथ तर त्या रात्री गावी निरोप धाडून मोकळी झाली.

पहिली तीच आली. त्यात शंका नव्हतीच.

ठरलेल्या रविवारी माझ्या नवऱ्याचा फोन आला, मिल बंद पडली आहे, येत नाही. मी अकोथला घेऊन सकाळीच लिमयांकडे गेले. तिनं केस घट्ट विणून घेतले होते, इस्त्रीचा निळा झगा घातला होता आणि नखं इतकी कापली होती की बोटांची टोकं लाल दिसत होती.

"घाबरलीस?"

"मी नाही घाबरले," ती म्हणाली. "पोट घाबरलंय. ते वेगळं राहतं."

मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले. हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं. तिनं वरण शिजायला टाकलं, बटाट्याची भाजी केली, सुकुमाची पीठ पेरून भाजी केली, कोशिंबीर, शेवयांची खीर, आणि शेवटी पोळ्या. एकदाही बोट तोंडाकडे गेलं नाही. खिरीच्या वेळी एकदा उजवा हात वर आला तर तिनं तो डाव्या हातानं धरून खाली आणला, लहान मुलाचा आणावा तसा. मला हसू आलं. तिला नाही आलं.

वहिनी मधूनमधून दारात यायच्या. "वा, वास तर छानच सुटलाय! शालन, कमाल केलीस हं तू. अगदी आपल्यासारखं शिकवलंस." आणि जायच्या. एकदा आल्या त्या फ्रिजमधून दह्याचं पातेलं घेऊन गेल्या. एकदा आल्या त्या बिस्किटांचा डबा. मी ते पाहिलं, पण पाहिलं म्हणजे कळलंच असं नाही.

जेवायला आम्ही पाच जण. लिमयेसाहेब, वहिनी, घाटपांडे नवरा-बायको आणि मी. उज्ज्वला घाटपांडे माझ्याच वयाची, तोंडाळ, पण मनानं वाईट नाही. अकोथनं ताटं वाढली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. वरणाचं पातेलं तिनं टेबलावर मधोमध ठेवलं आणि दाराशी जाऊन हात पोटावर बांधून उभी राहिली.

"अगदी लग्नातलं पान दिसतंय," उज्ज्वला म्हणाली.

"फोटो काढायला हवा," घाटपांडे म्हणाले, आणि खरंच काढला.

"मूद किती सुरेख!" वहिनी.

पण पहिला घास कुणीच घेईना. पंखा फिरत होता. तूप भातावर गोठायला लागलं. लिमयेसाहेबांनी पेल्यातलं पाणी प्यायलं, परत ओतून घेतलं, परत प्यायलं.

"अगं, मी सांगायलाच विसरले," उज्ज्वला म्हणाली. "माझा आज उपास."

"रविवारी?" मी विचारलं.

"आदित्यवार धरलाय मी. नवीनच."

"मला सकाळपासून जरा आंबट ढेकर येतायत," लिमयेसाहेब म्हणाले. "दही-भात खाईन म्हणतो थोडा. मृणाल, दही आहे ना?"

"आहे की. भातही लावलाय मी मघाशी, तिकडे बाहेरच्या शेगडीवर." वहिनींनी हे अगदी सहज सांगितलं. "तुम्ही सगळे घ्या ना. मी वाढते तुम्हाला, माझं काय, मी मागून बसेन."

घाटपांडे आपल्या बायकोकडे बघत होते. बायको ताटाकडे बघत होती. याच माणसांबरोबर मी सरोवराकाठच्या हॉटेलात किती वेळा जेवले होते. तिथला आचारी अकोथच्याच गावाकडचा होता, आणि बाहेर येऊन आमच्याशी हात मिळवायचा. पण हॉटेलचं वेगळं. हॉटेलात भिंत असते.

मी वरणभात कालवला आणि घास घेतला. मीठ बरोबर होतं. इतकं बरोबर की माझा घास तोंडातच राहिला.

"वरण फार सुंदर झालंय," मी म्हणाले.

"हो, दिसतंच आहे," उज्ज्वला म्हणाली.

अकोथ दारातून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं. पण वाढलेलं ताट आणि न हलणारे हात कळायला कुठली भाषा लागते? तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी दिसली, मग एकदम काहीतरी उमगल्यासारखं झालं. ती हसली. पुढे आली. टेबलापाशी येऊन जरा वाकली, वाकून नमस्कार केल्यासारखी. आणि वरणाच्या पातेल्यातली पळी उचलून तिनं सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला. चांगला, आवाज करून. मग पळी परत पातेल्यात ठेवली आणि दोन्ही तळहात उघडे करून आम्हाला दाखवले. बघा, काही वाईट नाही. खा.

"अगं बाई!" उज्ज्वला ओरडली.

"उष्टं केलं की हिनं!" वहिनी उठून उभ्या राहिल्या.

आणि मी जे पाहिलं ते अजून विसरले नाही. चिडलेलं कुणीच नव्हतं. चारही चेहऱ्यांवरून ओझं उतरलं होतं. लिमयेसाहेब खुर्चीत मागे टेकले. घाटपांडे चक्क हसले. उज्ज्वलानं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि तिची जीभ सुटली. "अरेरे, इतकं छान केलं होतं बिचारीनं. आता कसं खायचं? नाहीतर मी उपास मोडणार होते, खरंच!"

"पळी परत आत टाकली ना," घाटपांडे म्हणाले. "नुसतं चाखलं असतं तर एक वेळ..."

"जाऊ दे, जाऊ दे, रागवू नका तिच्यावर," वहिनी म्हणाल्या. त्या खरोखरच मायेनं बोलत होत्या. "त्यांच्यात नसेल तसं. शालन, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. मी शब्द मोडत नाही. धुण्याभांड्याला ठेवते मी तिला, उद्यापासून येऊ दे. स्वयंपाकाचं पुढे बघू."

"आणि खोली?"

"खोली कशाला लागेल तिला? सकाळी येईल, दुपारी जाईल."

अकोथनं माझ्या बाहीला हात लावला. "म्वालिमू, काय झालं? मी खाऊन दाखवलं ना?"

मी तिला आत नेलं आणि सांगितलं. उष्टं हा शब्द स्वाहिलीत कसा सांगायचा ते मला आजही येत नाही. मी म्हटलं, तोंडाला लागलेली वस्तू परत भांड्यात गेली की आमच्यात ते सगळं भांडं बाद होतं.

तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "पण तुम्ही खाल्लंत! तरी ते खाईनात. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसत नाही. तुम्ही माझ्या मास्तरीण, मी विष घातलं तरी खाल. त्यांना कुणीतरी दाखवायला हवं." मग ती शेगडीपाशी गेली. "डाळ उरली आहे. कणीकही आहे."

"अकोथ, काय करतेस?"

"परत करते. चूक माझी. तुम्ही वर्षभर सांगत होता, चाखू नकोस, आणि मी आजच चाखलं."

माझ्या आधी ती बाहेर गेली. टेबलाजवळ उभी राहून ती सावकाश, सोप्या स्वाहिलीत बोलली. नोकरांशी बोलण्यापुरती स्वाहिली त्या खोलीत सगळ्यांनाच येत होती.

"मॅडम, मला माफ करा. मी हे सगळं टाकून देते, भांडी घासते आणि नव्यानं करते. तुम्ही फक्त थोडं थांबा. मी चाखणार नाही."

वहिनी हसल्या. "नको गं बाई, उशीर झाला. सगळ्यांना भुका लागल्या आहेत."

"मग उद्या येते."

"उद्या आम्ही बाहेर आहोत."

"परवा. पुढच्या रविवारी. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा, मॅडम. मी तोंडाला फडकं बांधते. मग तर झालं?"

घाटपांडेंनी चष्मा काढून पुसायला घेतला. उज्ज्वला ताटातल्या चटणीकडे बघत होती. दर वेळी अकोथ एक अडचण उचलून बाजूला ठेवत होती, आणि दर वेळी त्यांना नवी शोधावी लागत होती. नव्या अडचणी संपत आल्या होत्या.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ती भानगड नको. अकोथनं पुढे बसस्टँडजवळ चपाती आणि राजम्याची टपरी टाकली. चालली ती, बऱ्यापैकी चालली. आतून कडी लावता येणारं दार तिला मिळालं, पण त्याला वर्षं गेली. तोवर बेरिलला आजीची आणि गावातल्या मैत्रिणींची इतकी सवय झाली होती की ती शहरात दोन आठवडे राहून परत गेली. माझ्या नवऱ्याचा करार पुढच्या हंगामात वाढवला नाही. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, कारखान्याला इंजिनिअर जास्त झाले असतील. मधले महिने मात्र लांब होते. रविवार आला की मी घरातच बसायची. फोन शेजारी असायचा आणि खाली दुकान बंद असायचं.

तर अकोथ उभी होती, फडकं बांधायला तयार. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता.

"शालन, तूच सांग ना गं हिला काहीतरी. तुझं ऐकते ती."

काहीतरी. म्हणजे आणखी एक उपास, आणखी एक ढेकर.

मला मलेरिया झाला तेव्हा याच वहिनींनी माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. स्वतःच्या हातानं. नवरा पोचेपर्यंत हलल्या नव्हत्या. ते मी कसं विसरू? पण आणखीही काही मला विसरता येत नव्हतं, आणि ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. किसुमूत आलो तेव्हा पहिल्याच भेटीत वहिनींनी विचारलं होतं, "वायदंडे म्हणजे तुम्ही कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना गाव नको होतं, हे मलाही कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. त्यानंतर चार वर्षांत त्या माझ्याकडे कितीदा आल्या, पण दर वेळी पोट भरलेलं. सणावारी मी डबा पाठवायची. डबा घासून, पुसून, आत दोन लाडू घालून परत यायचा. एकदा फाटकाशी त्यांचा माळी मला म्हणाला, "मॅडम, तुमची ती पिवळी डाळ माझ्या पोरांना फार आवडते. परत कधी करणार?"

त्यावर मी म्हटलं होतं, पुढच्या सणाला. आणि खरंच केली होती. कुणीतरी खातंय ना, असं म्हणून. रविवारी मी परत वहिनींच्या टेबलावर जाऊन बसले होते, कारण शहरात मला बसायला दुसरं टेबल नव्हतं.

"म्वालिमू," अकोथ म्हणाली. ती वहिनींकडे बघायची थांबली होती. आता ती माझ्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशी, पोळी फुगली नाही की. "तुम्ही सांगा. मी कुठे दुरुस्त करू?"

मी उठले. ताट बाजूला सारून तिच्याजवळ गेले. जे बोलायचं ते स्वाहिलीतच बोलले, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल.

"तुझं काही चुकलं नाही, अकोथ. मीठ बरोबर आहे. तू चाखलं नसतंस तरी त्यांनी खाल्लं नसतं. आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. तुझ्या हातचं त्यांना चालत नाही. आणि माझ्याही हातचं चालत नाही."